फियाट ११०० डी : पाटे बदलल्यावर मागचा एक्सल मध्यावर कसा आणायचा

प्रश्न असा आहे. गाडी १९६९ ची फियाट ११०० डी. मागचे दोन्ही पाटे (पोलादी पट्ट्यांच्या चळतीचे स्प्रिंग) कमानवाल्याकडून नवीन करून घेतले. एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये २५ मिमीचे ब्लॉक टाकून गाडी थोडी खाली घेतली, शॉकअब्सॉर्बर नवे बसवले आणि जुन्या ५.२०-१४ टायरांच्या जागी १६५ रुंदीचे रेडियल टाकले. आता मागचं डावं टायर मडगार्डच्या कडेपासून ८ मिमीवर आहे, उजवं २२ मिमीवर. मागे दोघं बसले की खड्ड्यात डावीकडे घासल्याचा आवाज येतो. फॅब्रिकेटर म्हणतो, पॅनहार्ड रॉड (बॉडी आणि एक्सल यांना जोडणारा आडवा दांडा) बनवून लावू आणि एक्सल उजवीकडे ओढून घेऊ. ओढावा का?

आत्ता तरी नाही. एक्सल खरोखर किती सरकलाय आणि कशामुळे, हे कळण्याआधी त्याला कुठल्याही रॉडने ओढलं तर मूळ दोष जागेवरच राहतो आणि पाटे, बुश (सांध्यांमधल्या रबरी नळ्या), रॉड असे सगळे एकमेकांशी भांडत राहतात. या गाडीत पाटे हेच एक्सलला धरून ठेवतात. पुढे-मागे तेच, डावी-उजवीकडेही तेच. एक्सल बाजूला गेला असेल तर कारण पाट्यात, त्याच्या बसण्यात किंवा टांगण्यात सापडायला हवं.

आधी तुमचे आकडे बघू. ८ आणि २२, म्हणजे फरक १४ मिमीचा. पण एक्सल १४ मिमी सरकलेला नाही. तो डावीकडे १ मिमी गेला की डावीकडची फट १ मिमीने कमी होते आणि उजवीकडची तेवढीच वाढते, म्हणून फरक दुप्पट दिसतो. जास्तीत जास्त ७ मिमी. हा निम्मा करायचा राहून गेल्यामुळे एक्सल गरजेच्या दुप्पट सरकवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. मग घासण्याची जागा फक्त दुसऱ्या बाजूला जाते.

दुसरं म्हणजे, हा दोष नवीन पाट्यांनीच आणला असं धरून चालू नका. जुनं टायर ५.२० इंची, म्हणजे रुंदीला साधारण १३२ मिमी. नवीन १६५ मिमी. रिम तीच असेल तर वाढलेले ३३ मिमी आत-बाहेर वाटले जातात आणि प्रत्येक टायर बाहेरच्या अंगाला १६ मिमी जास्त येतं. पूर्वी याच गाडीत फटी २४ आणि ३८ असल्या असत्या तर कोणी पट्टी लावून बघितलं नसतं. कित्येक वर्षं असलेला फरक आज रुंद टायरामुळे डोळ्यांवर आला, ही शक्यता मोठी आहे.

मडगार्डची कड हा मोजमापाचा आधार होऊ शकत नाही, हे मला सगळ्यात ठामपणे सांगायचं आहे. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या गाडीचं मागचं मडगार्ड किती वेळा ठोकलं गेलं, किती वेळा कापून नवीन पत्रा जोडला, त्यावर लांबी (पुट्टी) किती चढली, हे कोणालाच ठाऊक नसतं. कड आत वळवलेली असते, ती एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळलेली असते. चुंबक लावून बघा. जिथे लांबी जाड आहे तिथे तो धरत नाही. डाव्या-उजव्या कडांमध्ये चार-पाच मिमीचा फरक एकट्या डेंटिंगमधून येऊ शकतो. तो एक्सलच्या माथी मारला तर चांगला बसलेला एक्सल आपण स्वतःच वाकडा करू.

त्यात गाडीचा कल मिळवा. दोन पाट्यांची कमान अगदी सारखी नसेल तर गाडी एका बाजूला बसते. समजा उजवी बाजू १० मिमी खाली आहे. पाट्यांमधलं अंतर साधारण एक मीटर धरलं तर बॉडी शंभरास एक या प्रमाणात कलली. मडगार्डची कड त्या कलण्याच्या मध्यापासून ३०० मिमी वर असेल तर ती ३ मिमी उजवीकडे जाते. म्हणजे डावीकडची फट ३ मिमीने कमी, उजवीकडची ३ मिमीने जास्त. तुमच्या १४ मिमीपैकी ६ इथेच निघाले आणि एक्सल जागचा हललासुद्धा नाही. म्हणून पहिलं माप उंचीचं घ्या. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत घेऊ नका, कड भरवशाची नाही हे वर आलंच. पाट्याच्या पुढच्या हँगरच्या (पाट्याचं पुढचं टोक बॉडीला धरणारा कंस) बोल्टपासून जमिनीपर्यंत, दोन्ही बाजूंना घ्या. मागच्या शॅकलच्या (पाट्याचं मागचं टोक टांगणारी झुलती जोडपट्टी) वरच्या बोल्टपासूनही घ्या. फरक ५ मिमीच्या वर असेल तर आधी कमानवाल्याकडे परत जा. दोन्ही पाटे बाहेर काढून एकावर एक ठेवले की कमानीतला फरक लगेच दिसतो. टॅक्सीत चाललेल्या फियाटींमध्ये चळतीत एखादी जादा पट्टी टाकलेली सापडते, तीही दोन्ही बाजूंना आहे ना, हे त्याच वेळी मोजा.

पुढची तपासणी रिमची. मागची दोन्ही चाकं काढा, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावा, गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे करा आणि पुन्हा फटी मोजा. आकडे तेच राहिले तर रिम निर्दोष. बदलले तर दोन रिमचा ऑफसेट (बसण्याचं तोंड रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते) वेगळा आहे किंवा एखादी वाकलेली आहे. जुन्या गाडीत चार रिम चार ठिकाणांहून आलेल्या असतात, त्यामुळे हे नेहमी सापडतं. ड्रम बदललेले असतील तर ड्रमच्या तोंडाची जाडीही बघा. ही तपासणी फुकटात होते आणि पुढचे दोन दिवस वाचवते.

आता खरं मोजमाप. याला महागडं यंत्र लागत नाही, गवंड्याची हत्यारं पुरतात. ओळंबा, लाईनदोरी, मोठा गुण्या, पाणी भरलेली लेव्हलची पारदर्शक नळी, खडू आणि स्टीलची टेप. टेप कापडी नको, ती ताणली जाते.

जागा सपाट हवी. चारही चाकं जिथे टेकणार त्या जागा लेव्हलच्या नळीने तपासा, जिथे खोल असेल तिथे फरशीचा किंवा पत्र्याचा तुकडा टाका. चारही टायरांत हवा नेमकी करा. स्टेपनी आणि जॅक डिकीत ठेवा, कारण गाडी रोज तशीच चालते. पाट्यांच्या आणि शॅकलच्या बोल्टचे नट एक-एक फेरा ढिले करा, पाने हाताशी ठेवा. मागून गाडी जोराने दाबून सोडा, तीन-चारदा. मग ती हाताने सरळ ढकलत काही मीटर पुढे न्या आणि मागे आणा. वळवून आत घेतलेली गाडी जशीच्या तशी मोजायची नाही. वळताना टायर, बुश आणि पाटे बाजूला ताणलेले असतात आणि तो ताण गाडी सरळ फिरल्याशिवाय सुटत नाही. जॅकवरून खाली उतरवलेल्या गाडीचंही तसंच. उतरवल्यावर चाकं जमिनीवर आडवी घसरून मोकळी होत नाहीत, म्हणून ती फिरवावीच लागते.

आता मध्यरेषा. फियाट ११०० ला १९५३ पासूनच वेगळी चासी नाही, बॉडीचा तळ हीच चासी. म्हणून आधाराचे बिंदू तळावर शोधायचे, आणि ते कारखान्यात एकाच वेळी पाडलेले जोडीचे बिंदू असायला हवेत. मागच्या पाट्यांचे पुढचे हँगर ही पहिली जोडी. मागच्या शॅकलचे वरचे बोल्ट ही दुसरी. तळाच्या आडव्या चॅनलवर दोन्ही बाजूंना सारखी भोकं असतात ती तिसरी. पुढच्या सस्पेन्शनचा आडवा बीम जिथे बॉडीला बोल्ट होतो ती चौथी. प्रत्येक बिंदूतून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने फुली मारा. प्रत्येक जोडीचं अंतर मोजून मधोमध खूण करा. मग या मधल्या खुणांवरून लाईनदोरी ताणा.

चारही मधल्या खुणा एका दोरीवर आल्या, किंवा एक-दोन मिमी इकडे-तिकडे असल्या, तर बॉडी सरळ आहे आणि तुम्हाला खरी मध्यरेषा मिळाली. तीन दोरीवर आणि एक बाहेर असेल तर त्या जोडीतला एखादा बिंदू अपघातात किंवा गंजाने हललाय. ती जोडी सोडून द्या, पण नोंद ठेवा. हलणारा बिंदू पाट्याचा हँगरच असेल तर आपण शोधत होतो ते कारण सापडलं. खात्रीसाठी कर्णही मोजा. डाव्या पुढच्या हँगरपासून उजव्या मागच्या शॅकलपर्यंत आणि उलट. दोन्ही कर्ण ३ मिमीच्या आत सारखे यायला हवेत.

आता एक्सल. त्याचा मध्य म्हणजे डिफरन्शियलचा गोळा नव्हे. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच एका बाजूला असतो. त्यामुळे गोळ्यावरून किंवा प्रोपेलर शाफ्टवरून मध्य ठरवू नका. चाकं जिथे टेकतात ती ड्रमची तोंडं हाच खरा आधार. पण ड्रमची तोंडं बघायला चाकं काढावी लागतात आणि चाकं काढली की वजन जातं. मार्ग असा की एक्सलच्या नळीखाली दोन्ही टोकांना घोड्या लावा, त्यांच्याखाली पत्र्याच्या दोन चकत्या आणि मध्ये ग्रीस, म्हणजे एक्सल आडवा मोकळा सरकू शकेल. पुढची चाकं ओटी लावून पक्की अडवा. आता बॉडीचं वजन पाट्यांवर आहे, चाकं काढलेली आहेत आणि ड्रम उघडे आहेत. दोन्ही ड्रमच्या तोंडांवरून ओळंबा सोडा, दोन खुणांचा मध्य काढा, तो दोरीपासून किती दूर आहे ते मोजा. हा आकडा म्हणजे एक्सलची खरी सरक.

तुमच्या गाडीत कल आणि रिम बाजूला काढल्यावर हा आकडा ७ नसून २ ते ४ निघेल, असा माझा अंदाज आहे. ३ मिमीपर्यंत असेल तर मी एक्सलला हात लावत नाही. त्या काळच्या बॉडीत वेल्डिंगमुळेच तेवढी चूक राहत असे आणि चालवताना ती जाणवत नाही. ३ ते ६ मध्ये असेल तर कारण शोधून दुरुस्त करतो. ६ च्या वर असेल तर काहीतरी वाकलेलं किंवा चुकीचं जोडलेलं आहे, आणि ते सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये.

खुणा जमिनीवर आहेतच, तर आणखी एक माप घ्या. माझ्या मते ते या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे. एक्सल मध्यावर असणं वेगळं आणि तो मध्यरेषेला काटकोनात असणं वेगळं. पुढच्या हँगरच्या फुलीपासून त्याच बाजूच्या एक्सलच्या खुणेपर्यंत, डावीकडे आणि उजवीकडे. दोन्ही सारखी हवीत. गुण्या दोरीला लावूनही बघा. लोक फटीकडे बघत बसतात, कारण ती दिसते. तिरपा एक्सल दिसत नाही, पण गाडी बिघडवतो तोच.

हिशोब करून दाखवतो. ड्रमच्या तोंडांमधलं अंतर १२०० मिमी धरा. डावी बाजू उजवीपेक्षा ३ मिमी मागे असेल तर एक्सल १२०० मध्ये ३ इतका फिरला, म्हणजे साधारण ०.१४ अंश. दिसायला काहीच नाही. पण या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिमी आहे. मागची चाकं ज्या दिशेने ढकलतात ती दिशा तेवढ्या लांबीत जवळजवळ ६ मिमी बाजूला जाते. मग गाडी सरळ चालवायला स्टिअरिंग किंचित वळवून धरावं लागतं, ब्रेक मारल्यावर शेपटी एका बाजूला जाते आणि पावसात हे जास्त जाणवतं. याउलट एक्सल काटकोनात राखून ३ मिमी बाजूला असेल तर स्टिअरिंगला पत्ताही लागत नाही. म्हणून आधी काटकोन, मग मध्य. मध्य साधताना काटकोन बिघडत असेल तर मध्य सोडून द्या.

आता कारणं. नवीन पाटे आणि ब्लॉक एकदम बसवलेल्या गाडीत माझा पहिला संशय सेंटर बोल्टवर असतो. पाट्यांची चळत बांधून ठेवणाऱ्या या बोल्टचं गोल डोकं एक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसतं आणि त्यानेच एक्सलची जागा ठरते. यू-बोल्ट फक्त दाबून धरतात, जागा दाखवत नाहीत. कमानवाला हाताशी असलेला सेंटर बोल्ट टाकतो. त्याचं डोकं मूळ मापापेक्षा २ मिमी बारीक असेल तर एक्सल मध्यापासून प्रत्येक बाजूला १ मिमीच्या खेळात कुठेही बसू शकतो, आडवा आणि पुढे-मागेही. म्हणजे एका बारीक बोल्टने मध्य आणि काटकोन दोन्ही जातात. मध्ये ब्लॉक आला की हा खेळ दोन ठिकाणी होतो. बोल्टचं डोकं ब्लॉकच्या भोकात आणि ब्लॉकचा पिन बैठकीच्या भोकात. पन्नास वर्षांत बैठकीचं भोक लांबट झालेलं असेल तर त्यात भरच.

तेव्हा यू-बोल्ट सोडा, एक्सल उचला आणि व्हर्नियरने तीन मापं घ्या. बोल्टच्या डोक्याचा व्यास, ब्लॉकच्या भोकाचा आणि पिनचा व्यास, बैठकीच्या भोकाचा व्यास, दोन दिशांनी. डोकं बारीक असेल तर लेथवाल्याकडून स्टीलचं कडं बनवून त्यावर घट्ट बसवा. बैठकीत ते हाताने जाईल पण हलणार नाही, इतकाच खेळ ठेवा, ०.१ ते ०.२ मिमी. भोक लांबट झालं असेल तर ते वेल्डिंगने भरून पुन्हा पाडण्याचा मोह टाळा. एक्सलच्या नळीवर एका जागी जास्त उष्णता दिली की नळी वाकते आणि मग आतले शाफ्ट बेअरिंग खायला लागतात. त्यापेक्षा भोक रीमरने थोडं मोठं आणि गोल करून त्याला साजेसं कडं बनवावं.

ब्लॉकबद्दल दोन शब्द. ते भरीव स्टीलचे किंवा भरीव ॲल्युमिनियमचे असावेत आणि वरचा-खालचा भाग समांतर असावा. पत्रे जोडून पोकळ बनवलेले नकोत, ब्लॉकावर ब्लॉक तर कधीच नको. पिन आणि भोक एकाच उभ्या रेषेत आहेत का हे गुण्याने तपासा. घरगुती ब्लॉकमध्ये ड्रिल तिरपं गेलेलं मी वारंवार पाहतो. तुमच्या दोन ब्लॉकपैकी एकात २ मिमीचा तिरपेपणा असला तरी सगळं गणित तिथेच सुटेल.

दुसरं कारण बुश. नवीन रबर किंवा पॉलियुरेथेनचे बुश पाट्याच्या डोळ्यात (टोकाच्या गोल वळणात) एका बाजूला जास्त दाबले गेले की पाटा हँगरमध्ये मधोमध राहत नाही. पॉलियुरेथेनच्या बुशला कडेने कॉलर असते, तिची जाडी दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते बघा. मूळ जुळणीत काही वॉशर असतील तर ते ज्या बाजूला होते त्याच बाजूला परत गेले पाहिजेत. हँगरचे पाळे वाकलेले असतील, शॅकलच्या पट्ट्या एकमेकींना समांतर नसतील, तर पाटा पिळला जातो आणि एक्सलला बाजूला ढकलतो. शॅकल हाताने हलवून बघा. बोल्ट ढिले असताना ती आडवी हलली नाही आणि पुढे-मागे सहज झुलली, तर ठीक.

सायलेंट ब्लॉक पद्धतीचे बुश (आतल्या-बाहेरच्या धातूच्या नळ्यांमध्ये पक्कं बसवलेलं रबर) असतील तर शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असतानाच करायचं. एक्सल लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर आतलं रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते पिळलेलं रबर गाडी उचलून धरतं, दोन्ही बाजूंना सारखं नाही, आणि काही महिन्यांत फाटतं. वर जो कल सांगितला, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. म्हणून कमानवाल्याशी वाद घालण्याआधी बोल्ट ढिले करून, गाडी हलवून, पुन्हा आवळून बघा.

ही कारणं दूर केल्यावर बहुतेक गाड्यांत एक्सल आपोआप जागेवर येतो. तरीही चार-पाच मिमी उरलेच आणि बॉडीचे बिंदू सरळ असतील, तर दुरुस्ती ब्लॉकमध्ये करा. ब्लॉक तसेही बसवणारच आहात. लेथवाल्याला सांगून ब्लॉकचा खालचा भोक मध्यावर आणि वरचा पिन हव्या त्या बाजूला ४ मिमी सरकवून बनवून घ्या. दोन्ही ब्लॉक एकाच दिशेने सरकवलेले हवेत, आरशातल्यासारखे उलट नकोत. यात पाटे, बुश आणि शॅकल जागचे हलत नाहीत, फक्त एक्सल बाजूला जातो, आणि काटकोनही शाबूत राहतो. शॅकलमध्ये एका बाजूला वॉशर भरून पाटा सरकवणं ही दुसरी पद्धत. दीड-दोन मिमीपर्यंत चालते, पण ती पुढच्या आणि मागच्या दोन्ही डोळ्यांना सारखी करावी लागते. नुसती मागे केली तर पाटा तिरपा होतो.

यू-बोल्ट एकदा सोडले की नवीन घ्या. ते ताणून बसलेले असतात, दुसऱ्यांदा तसे पकडत नाहीत. ब्लॉकमुळे लांबीही जास्त लागते, आवळल्यावर नटबाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. चारही नट आलटून-पालटून, कर्णावर, टप्प्याटप्प्याने आवळा, म्हणजे एक्सल शेवटच्या क्षणी फिरत नाही. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधला. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, पाचशेनंतर आणखी एकदा. नवीन पाटे बसतात, रंगाचा थर दबतो, नट ढिले होतात.

आता पॅनहार्ड रॉड. एक टोक बॉडीला, दुसरं एक्सलला, आडवा. कॉइल स्प्रिंगवरच्या अखंड एक्सलला तो किंवा तसंच काम करणारी दुसरी जुळणी लागतेच, कारण कॉइल एक्सलला बाजूने धरू शकत नाही. पाट्यांच्या गाडीत तो शर्यतीसाठी लावतात, आणि विचारपूर्वक बनवला तर वळणावर मागचा भाग घट्ट वाटतो हेही खरं. पण त्याचं काम धरण्याचं आहे, ओढून आणण्याचं नाही. पाटे एक्सलला डावीकडे धरतायत आणि रॉड उजवीकडे खेचतोय, असं ठेवलं तर चारही बुश रोज दाबाखाली राहतील.

आणि बॉडीकडचं टोक कुठे जोडणार? मागच्या एक्सलवर ६०० किलो धरा, वेगाच्या वळणावर त्याच्या ०.७ पट जोर आडवा येतो. सव्वाचारशे किलोच्या आसपास. तो सगळा एका ब्रॅकेटवर, आणि ब्रॅकेट पन्नास वर्षं जुन्या पत्र्याच्या तळावर. नुसता वेल्ड केलेला तुकडा वर्षभरात पत्रा फाडून बाहेर येईल. दोन्ही बाजूंच्या चॅनलला जोडणारा आडवा पाईप, त्यावर खाली उतरणारं त्रिकोणी आधारांचं ब्रॅकेट, इतकं करायची तयारी असेल तरच हा विषय काढावा. एक्सल आधी मध्यावर आणि काटकोनात बसवून, मग रॉडची लांबी त्याला जुळवायची, उलट नाही.

ज्यांच्या गाडीत मुळातच कॉइल आणि पॅनहार्ड आहे, फियाट १२४ आणि तिच्यावरून आलेल्या लाडासारख्या गाड्या, त्यांनी गाडी खाली घेतली की एक्सल बाजूला जाणारच. रॉडचं बॉडीकडचं टोक हे केंद्र आणि एक्सल त्याभोवती वर्तुळाच्या कमानीवर फिरतो. रॉड ९०० मिमीचा आणि मुळात आडवा सपाट असेल, तर गाडी ५० मिमी खाली घेतल्यावर एक्सल बॉडीकडच्या टोकाच्या दिशेने जेमतेम १.४ मिमी सरकतो. पण मुळातच एक्सलकडचं टोक ४० मिमी वर असेल तर तेवढ्याच ५० मिमीत ३.६ मिमी सरकतो. आणि मुळात ते टोक ६० मिमी खाली असेल तर रॉड उलट सपाट होतो आणि एक्सल दुसऱ्या दिशेला २ मिमी जातो. म्हणून ‘खाली घेतली की अमुक बाजूला जातो’ असा सरसकट नियम नाही, आपल्या रॉडचा उतार बघावा. या गाड्यांसाठी दोन टोकांना उलट-सुलट आट्यांचा, लांबी बदलता येणारा रॉड हाच योग्य उपाय. दीड मिमीच्या आट्यात एक पूर्ण फेरा म्हणजे ३ मिमी. लांबी जुळवताना वजन चाकांवर हवं. आटे रॉडच्या व्यासाच्या दीडपट तरी आत राहिले पाहिजेत, आणि शेवटी लॉक नट.

वॉटची जुळणी, म्हणजे जेम्स वॉटच्या १७८४ च्या पेटंटमधली वाफेच्या इंजिनाची ती दोन दांड्या आणि मधला फिरता तुकडा, ही एक्सलला जवळपास सरळ वर-खाली जाऊ देते. मस्टँगसारख्या अमेरिकन गाड्यांसाठी ती तयार मिळते. तुमच्या फियाटला तिची गरज नाही.

काम झाल्यावर चाकं लावण्याआधी एक फेरी. एक्सल मागच्या बाजूने घोड्यांवर ठेवून बॉडी जॅकने हळू खाली दाबू द्या आणि बघा: बंप स्टॉप (एक्सल फार वर येऊ न देणारा रबरी ठोकळा) एक्सलवर नेमका टेकतो का, ब्लॉकमुळे तो आधीच जवळ आला असेल. ब्रेकचा रबरी पाईप ताणला जातो का, सायलेन्सर एक्सलला लागतो का, हँडब्रेकची केबल कुठे घासते का. नवे शॉकअब्सॉर्बर पूर्ण दबण्याआधी बंप स्टॉप लागला पाहिजे, नाहीतर ते पहिल्या मोठ्या खड्ड्यात जातील. अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारी आडवी सळई) असेल तर त्याच्या लिंका सगळ्यात शेवटी, गाडी जमिनीवर असताना जोडा, कारण ताणलेली लिंक गाडीला पुन्हा कलवते. आणि पाट्यांना नवीन ब्लॉक मिळाल्यामुळे एक्सलच्या नाकाचा (प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतो त्या टोकाचा) कोन बदललाय का, हे कोनमापीने पाहून घ्या. साठच्या वेगाला गाडीच्या तळातून थरथर आली तर आधी तिकडे बघा.

पाचशे किलोमीटर चालवून मग चारही चाकांची अलाइनमेंट करणाऱ्या ठिकाणी जा, आणि नुसती पुढची नाही तर मागच्या एक्सलची दिशा किती अंशांनी बाजूला आहे तो आकडा छापून मागा. ०.१ अंशाच्या आत असेल तर बोल्टला हात लावू नका. घासण्याचा आवाज त्यानंतरही राहिला तर दोष टायरच्या रुंदीचा आहे. तेव्हा १६५ ऐवजी १५५ घ्या, किंवा मडगार्डची आत वळलेली कड डेंटरकडून चापट करून घ्या. मला पुढचं सांगण्यासाठी चार गोष्टी लागतील: दोन्ही हँगरची जमिनीपासून उंची, चाकं अदलाबदल केल्यावरच्या फटी, हँगर ते एक्सल हे दोन्ही बाजूंचं अंतर, आणि सेंटर बोल्टच्या डोक्याचा व्यास बैठकीच्या भोकासकट.